रतिलालभाईंच्या ओट्यावर मिरची कांडप

नवनीतभाईंचा धंदा मिरची कांडपाचा. उन्हाळा लागला की म्हसावदच्या पंचक्रोशीतल्या बायका वर्षभराची मिरची वाळवून, देठं खुडून त्यांच्याकडे आणत आणि तिखट करून नेत. दुकानाला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं, 'चारुलता मिरची कांडप'. हा मान आहे की टोमणा, हे चारुलताबाईंना अजून ठरवता आलेलं नव्हतं.

धंद्याला जाहिरात कधी लागली नाही. बसथांब्यावर उतरलेल्या परक्या माणसाने नाक वर करून पहिली शिंक जिकडून येईल तिकडे चालायला लागावं, दुसऱ्या शिंकेला उजवीकडे वळावं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं की समोर नवनीतभाई उभे. इतका अचूक पत्ता तालुक्यात दुसऱ्या कुठल्या दुकानाला नव्हता. तरीही त्यांना मोबाईलच्या नकाशावर जायची बुद्धी झाली, याचं सगळं श्रेय नंदुरबारच्या त्या शिबिराला.

शिबिराचं नाव होतं 'छोटा व्यवसाय, मोठी झेप'. मंगल कार्यालयात भरलं होतं, त्यामुळे नवनीतभाई आधी सवयीने जेवणाच्या पंगतीकडेच गेले. तिथून त्यांना परत आणून खुर्चीवर बसवण्यात आलं. मार्गदर्शक अजित सर मार्चच्या उन्हात निळा कोट घालून आले होते. एवढ्या उकाड्यात जो माणूस कोट काढत नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असणारच, असं नवनीतभाईंचं तिथल्या तिथे मत झालं.

"ग्राहक तुम्हाला शोधत येणार नाही," सर गरजले, "तुम्ही ग्राहकाला सापडलं पाहिजे! काढा मोबाईल. आपल्या धंद्याचं नाव टाका. सापडलात?"

नवनीतभाईंनी टाकलं. सापडले नाहीत. शहाद्यातली दोन कांडपं सापडली, एक गुजरातमधलं सापडलं, चारुलता नावाची एक साडीही सापडली. शेजारच्या खुर्चीवरचा चपलांचा दुकानदार मात्र फोटोसकट सापडला होता आणि आपलाच फोटो कौतुकाने मोठा करून बघत होता. नवनीतभाईंना भर सभेत हरवल्यासारखं झालं. गेली वीस वर्षं आपण म्हसावदमध्ये आहोत असं ते समजत होते, आणि जगाच्या दृष्टीने ते कुठेच नव्हते!

त्या दिवशी सरांनी आणखीही पुष्कळ सांगितलं. ग्राहकाच्या निरोपाला तत्काळ उत्तर गेलं पाहिजे, मग मालक हजर असो वा नसो. धंदा मालक झोपलेला असतानाही चालला पाहिजे. नवनीतभाईंनी सगळं मनावर घेतलं, प्रमाणपत्र घेतलं, जेवण घेतलं आणि संध्याकाळच्या एसटीने एक वेगळाच माणूस म्हसावदला परत आला.

"गावमा कोणले पत्ता पुसना पडस तुमना?" चारुलताबाईंनी विचारलं.

"चारू, तुला ब्रँड म्हणजे काय माहिती नाही," नवनीतभाई म्हणाले. त्यांनाही सकाळपर्यंत माहिती नव्हतं. पण शिकलेलं लगेच वापरावं, असंही सरांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मिथुनच्या मोबाईलच्या दुकानात गेले. मिथुन म्हणजे रिचार्जपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत गावाची सगळी कामं करणारा माणूस. त्याच्या दुकानात कोणी काही करायला घेतलं की चार जण सल्ला द्यायला आपोआप जमत. कोणी म्हणालं, दुकानाच्या नावात 'इंटरनॅशनल' घाला. कोणी म्हणालं, चोवीस तास उघडं असं लिहा. यावर नवनीतभाईंनी, मग रात्री कोणी आलं तर उठणार कोण, अशी रास्त शंका काढली. "कोण येस रात्रीनं मिरची लिसन," असं म्हणून सल्लागाराने चहा मागवला.

नकाशावर ठिकाण नेमायची वेळ आली तेव्हा सगळे कांडपासमोर रस्त्यावर जमले. मिथुनने फोन आडवा धरला, उभा धरला, डोक्यावर धरला.

"काका, निळा ठिपका नाची ऱ्हायना. जरा दम धरा."

नवनीतभाईंनी खरोखरच श्वास रोखून धरला. तेवढ्यात आत मशीनमध्ये कोणाची तरी लवंगी पडली, दारातून लाल ढग बाहेर आला, मिथुनला मोठी शिंक आली आणि त्याचा अंगठा पडायचा तिथे पडला.

"व्हई गयं!" डोळे पुसत मिथुन म्हणाला. कुठे व्हयनं, ते त्या घटकेला कोणीच पाहिलं नाही. सगळे शिंकत होते.

खरं दिव्य पुढेच होतं. नकाशावाल्या कंपनीला पुरावा हवा होता. धंदा खरा आहे, मालक खरा आहे, याची चित्रफीत पाठवा. रस्ता दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, मालक स्वतः कुलूप उघडताना दिसला पाहिजे. पहिल्या चित्रफितीत पाटी निंबाच्या फांदीआड गेली. नामंजूर. फांदी छाटून घेतली. दुसऱ्या वेळी म्हशी आडव्या आल्या आणि नवनीतभाई कुलपाच्या ऐवजी म्हशींशीच बोलत राहिले. नामंजूर. मग कोणीतरी म्हणालं की गर्दी दिसली तर धंदा खरा वाटतो. म्हणून तिसऱ्या वेळी भाऊबंद नवे कपडे घालून आले, बायका पैठणीत आल्या. कंपनीने उलट विचारलं, हे कांडप आहे की लग्नाचा हॉल? नवनीतभाईंच्या मनाला हे फार लागलं. वीस वर्षं रोज उघडलेलं स्वतःचं कुलूप. ते आपलंच आहे हे कुठल्या तरी अनोळखी यंत्राला पटवून द्यायचं! त्यांनी शेवटी एकट्याने, साध्या सदऱ्यात, रागारागाने कुलूप उघडलं, आणि ते मात्र मंजूर झालं.

"अभिनंदन! तुमचा व्यवसाय आता जगाला दिसतो आहे," असा निरोप आला. त्या आनंदात नवनीतभाईंनी पेढे वाटले. मिथुनने निरोपांना आपोआप उत्तर जाण्याचीही सोय करून दिली. उत्तरं त्याने इंटरनेटवरून उचलली, हॉटेलांची आणि ब्यूटी पार्लरची मिळून, आणि दुकानाच्या नावावरून प्रत्येक उत्तराखाली सही टाकली, 'आपली चारुलता'. शेजारी लाल मिरचीचं एक चित्र. ते चित्र लहान असल्यामुळे ज्याला चष्मा आहे त्याला ते मिरचीसारखं दिसे, आणि ज्याला नाही त्याला बदामासारखं.

आता गल्लीच्या मागच्या बाजूला जायला हवं. कारण जगाला नवनीतभाईंचा व्यवसाय दिसू लागला होता तो तिथे.

कांडपाच्या पाठीला पाठ लावून रतिलालभाईंचं घर होतं. भिंतीवरून ढेकूळ टाकलं तर त्यांच्या अंगणात पडेल इतकं जवळ, पण रस्त्याने जायचं तर पुढच्या चौकातून वळसा. रतिलालभाई पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त होऊनही ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून ओट्यावर बसत, आणि शेजारपाजारचं कोण किती वाजता घराबाहेर पडलं यावर नाराज होत. गावाशी अहिराणीत बोलायचं त्यांनी नोकरीत सोडलं होतं, ते पुन्हा धरलं नव्हतं. रागावले की त्यांची भाषा थेट परिपत्रकाची होई.

आणि नवनीतभाईंवर ते तीन वर्षं रागावलेले होते. रतिलालभाईंच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला सुरतचे पाहुणे आले, नेमके त्याच वेळी कांडप जोरात होतं आणि वारं उलटं. मुलाच्या वडिलांनी "आम्हाला मुलगी..." एवढं म्हटलं आणि पुढे फक्त शिंका. त्यांच्या मागोमाग सगळी बैठक शिंकली. लग्न झालं, मुलगी सुखात आहे, व्याही अजून ती गोष्ट हसून सांगतात. पण रतिलालभाईंनी त्या दिवसापासून नवनीतभाईंशी बोलणं टाकलं. नवनीतभाईंनी मागची भिंत उंच केली, खिडकी बुजवली, धुराडं फिरवलं. पण बोलायला कोणी तयार नसल्यामुळे हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांच्या बायका, वत्सलाबाई आणि चारुलताबाई, एकेकाळी रोज पापड लाटायला एकत्र बसत. नवऱ्यांच्या इभ्रतीसाठी त्यांनीही बोलणं सोडलं होतं आणि दोघींनाही त्याचा मनातून कंटाळा आला होता.

तर एका दुपारी, रतिलालभाईंच्या वामकुक्षीच्या मुहूर्तावर, त्यांच्या फाटकासमोर एक रिक्षा थांबली. प्रकाशा गावच्या दगूबाई तीन बायका आणि मिरचीची पोती घेऊन उतरल्या. दगूबाईंचा आवाज तापीच्या या काठावरून त्या काठावर ऐकू जाईल असा. त्यांनी फाटक उघडलं, पोती ओट्यावर टाकली आणि हाक दिली.

रतिलालभाई बाहेर आले. केस विस्कटलेले, पण बूट पायात.

"बाई, आपण चुकीच्या ठिकाणी आलेल्या आहात. हे खासगी निवासस्थान आहे."

"ते ऱ्हाऊ द्या, भाऊ. मशीन पुढे शे का मांगे?"

"येथे कोणत्याही प्रकारचे मशीन नाही!"

"आसं कसं? मोबाईलमधली बाई सोताच बोलनी, 'तुम्ही पोहोचला आहात'. ती काय खोटं सांगी?" दगूबाईंनी पदराने वारा घेत विचारलं. "थकी गयात आम्ही. पानी तरी पाजा."

मोबाईलमधली बाई खोटं बोलेल की नाही, या प्रश्नाला नोकरीतल्या कोणत्याही नियमात उत्तर नव्हतं. तोवर वत्सलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्याही होत्या. पोत्याचा वास दरवळला. रतिलालभाईंनी "सदर पोती..." अशी सुरुवात केली आणि शिंकले.

अर्ध्या तासाने ते काठी घेऊन कांडपाच्या दारात उभे. तीन वर्षांनी त्या दारात. नवनीतभाईंच्या हातातली चाळणी खाली पडली.

"आपल्या ग्राहकांचा माल आमच्या ओट्यावर पडलेला आहे. आपण नकाशात आमचे घर दाखवले आहे."

"शक्यच नाही, रतिलालभाई! कंपनीने तपासून मंजूर केलंय. कुलूपसुद्धा पाहिलंय त्यांनी!"

"मग आपण प्रत्यक्ष पाहणी करू."

आणि दोघेही बसथांब्यावर गेले. नवनीतभाईंनी फोन हातात धरला, स्वतःच्या दुकानाचं नाव घातलं आणि फोनमधली बाई सांगेल तसे दोघे एकमेकांशी चकार शब्द न बोलता चालू लागले. बोलत होती ती फक्त फोनमधली बाई. चौकात ती म्हणाली, "डावीकडे वळा." नवनीतभाईंचे पाय वीस वर्षांच्या सवयीने उजवीकडे वळले. रतिलालभाईंनी काठी आडवी घातली.

"ती डावीकडे म्हणाली."

"पण दुकान तर..."

"ती. डावीकडे. म्हणाली."

गाव दारात येऊन बघत होतं. पाणी भरणाऱ्या बायका घागरी अर्ध्या ठेवून उभ्या राहिल्या. स्वतःच्या दुकानाचा पत्ता शोधत निघालेला मालक म्हसावदने आजवर पाहिला नव्हता. मान खाली घालून नवनीतभाई डावीकडे वळले, पुन्हा वळले, आणि ओट्यावर निवांत चहा पिणाऱ्या दगूबाईंच्या पुढ्यात फोन मोठ्या आनंदाने बोलला, "तुम्ही पोहोचला आहात."

"मी तेच सांगी ऱ्हायनू यास्ले!" दगूबाई म्हणाल्या.

नवनीतभाईंनी हातगाडी आणली, पोती उचलली, माफी मागितली. रतिलालभाईंनी ती ऐकली, स्वीकारली नाही. फोनवरून कांडपाचा नंबर मात्र शोधून ठेवला. पुढच्या तक्रारी लेखी असाव्यात म्हणून.

ठिकाण बदलायचं तर कंपनीला कळवायचं. कळवलं. "आपली सूचना तपासली जात आहे," असं उत्तर आलं, आणि ती तपासलीच जात राहिली. मदतीच्या नंबरावर एक गोड आवाज मराठीसाठी एक दाबा म्हणाला. नवनीतभाईंनी एक दाबला, तर इंग्रजी सुरू झालं. मिथुनच्या दुकानात पुन्हा सल्लागार मंडळ बसलं. एकाने तर सरळ सांगितलं, "पिन हालत नही तं मशीनच हालवा." शेवटी ठरलं की रतिलालभाईंच्या फाटकाजवळ एक पाटी लावायची, 'चारुलता मिरची कांडप इथे नाही, पुढून वळा.' पेंटरने दुकानाचं नाव आपल्या कलेला शोभेल असं भलंमोठं, लाल रंगात, सावलीसकट काढलं. तेवढ्यात जागा संपली. 'इथे नाही' खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत मावलं.

परिणाम असा झाला की आधी नकाशा बघून येणारेच थांबत, आता पाटी बघून रस्त्याने जाणारेही थांबू लागले.

रतिलालभाईंनी फोन काढला आणि चष्मा न लावताच टाइप केलं, "आपल्या ग्राहकांमुळे माझी दुपारची झोप पूर्णपणे उडालेली आहे."

तत्क्षणी उत्तर आलं, "हे वाचून खूप आनंद झाला! आपल्याला असाच अनुभव पुन्हा पुन्हा देण्यास आम्ही उत्सुक आहोत. आपली चारुलता."

रतिलालभाईंनी डोळे चोळले. पुन्हा लिहिलं, "हा प्रकार मी खपवून घेणार नाही."

"आपला प्रत्येक शब्द आमच्यासाठी मोलाचा आहे. लाजू नका, मनमोकळं बोला. आपली चारुलता." आणि ते लाल बदामासारखं काहीतरी.

धंदा मालक झोपलेला असतानाही चालला पाहिजे, असं अजित सर म्हणाले होते. इथे मालक ढाराढूर झोपला होता, आणि धंदा भलत्याच माणसाचा संसार मोडायला निघाला होता. कारण रतिलालभाई घामाघूम होऊन फोन उशाखाली लपवत असतानाच वत्सलाबाई खोलीत आल्या. जो माणूस आयुष्यात कधी काही लपवत नाही, त्याला ते नीट जमतही नाही. उशीखालून फोन पुन्हा टुणकन वाजला.

वत्सलाबाईंनी वाचलं. शांतपणे पदर खोचला आणि फोन घेऊन चौकातून वळसा घालून थेट कांडपामागच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या.

"चारू वं, कोन शे ही 'आपली चारुलता'?"

चारुलताबाई कणीक मळत होत्या. पिठाच्या हातांनी त्यांनी फोन धरला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली. 'लाजू नका' पाशी आल्या आणि त्यांच्या तोंडून एक अस्फुट आवाज निघाला.

"माय वं! मी कसाले लिखसू? मशीन लिखस ते!"

"मशीन?"

"मिरचीनं नही वं, मोबाईलनं!"

 मग वत्सलाबाईंना आठवला उशी दाबून बसलेला आपला नवरा, त्याच्या कपाळावरचा घाम, आणि त्या खाली बसल्या. जमिनीवरच. चारुलताबाईही बसल्या. तीन वर्षं साठलेलं हसू होतं ते, एकदम कसं संपणार? एकीचं थांबे तोवर दुसरी म्हणे, "मनमोकळं बोला," की पुन्हा सुरू. नवनीतभाई झोपेतून उठून आले तर दोघी कणकीच्या परातीशेजारी डोळे पुसत होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर दोघी पुन्हा हसत सुटल्या. नवनीतभाई बाहेर जाऊन एकटेच मशीनपाशी बसले.

एवढं मात्र झालं की त्या संध्याकाळपासून दोघींचं येणंजाणं सुरू झालं. नवरे बोलत नव्हतेच.

आणि आखाजी जवळ आली. आखाजी म्हणजे खान्देशात लेकींचं माहेरपण. घरोघरी पाहुणे, पुरणाचा घाट, आणि त्याच्या आधी नवं तिखट घरात हवंच. म्हसावद, प्रकाशा, सगळीकडच्या बायका एकदम सुटल्या. कांडपाचं मशीन सकाळपासून थांबेना. नवनीतभाई वरून खाली लाल झाले होते. दारात गर्दी मात्र नेहमीच्या मानाने निम्मीच दिसत होती. उरलेली निम्मी कुठे आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आता रतिलालभाई पोलिसात जाणार, या खात्रीने ते मशीन गड्यावर सोपवून, मनात माफीची वाक्यं जुळवत, चौकातून धावत निघाले.

वळणावर त्यांना शिट्टी ऐकू आली.

रतिलालभाईंच्या ओट्यावर, बदामाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरलेली होती. तिच्यावर पंचवीस-तीस बायका गोल करून मिरच्यांची देठं खुडत होत्या आणि आखाजीची गाणी म्हणत होत्या. वत्सलाबाई आणि चारुलताबाई चहाचं पातेलं घेऊन फिरत होत्या. आणि मध्ये खुर्ची टाकून, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कारखान्यातली जुनी शिट्टी, रतिलालभाई बसले होते.

झालं होतं ते असं. सकाळी ओट्यावर दोन गटांत जुंपली. शांतीबाई नावाच्या एका आजींचं म्हणणं, माझी मिरची सौम्य, नातवंडांसाठी. दगूबाईंच्या जाळासारख्या मिरचीनंतर ती मशीनमध्ये गेली तर पोरं महिनाभर पाणी पीत बसतील. दगूबाईंचं म्हणणं, मग काय मी उन्हात थांबू? आवाज चढला. रतिलालभाईंना भांडणाचं काही वाटलं नाही, पण पाळी नसलेली रांग त्यांना बघवली नाही. ते आत गेले, पेटीतून शिट्टी काढली आणि बाहेर येऊन एकदा अशी फुंकली की गल्लीतली कुत्रीसुद्धा बसली.

"पहिली पाळी, सौम्य मिरची. दुसरी पाळी, मध्यम. तिसरी पाळी, दगूबाई."

त्यांची विभागणी बायकांनी निमूट ऐकली असं नाही. प्रत्येकीला आपली मिरची मध्यम वाटत होती. एका बाईने रतिलालभाईंना खात्रीसाठी चाखायला लावली. ते बराच वेळ बोलू शकले नाहीत, आणि तिला हाताने खूण करून तिसऱ्या पाळीत बसवलं. बायका हसून लोळल्या. "शिट्टीवाला धल्ला" असं त्यांनी म्हाताऱ्याचं नावही ठेवलं. आणि त्या गडबडीत कधीतरी, निवृत्तीनंतर पहिल्यांदा, रतिलालभाईही हसले.

नवनीतभाई फाटकात उभे होते. जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"उशीर केलात," रतिलालभाई घड्याळ बघून म्हणाले. "पहिली पाळी केव्हाची तयार आहे. हातगाडी कुठे आहे?"

"आणतो," नवनीतभाई म्हणाले. मग जरा घुटमळून, "रतिलालभाई, तुमच्या त्या पाहुण्यांच्या वेळी..."

"मागची भिंत आपण उंच केली, ते मी पाहिले होते," रतिलालभाई दुसरीकडे बघत म्हणाले. "दुसऱ्याच आठवड्यात पाहिले होते. हातगाडी आणा."

मग आखाजीपर्यंत रोज असंच चाललं. पोती ओट्यावर उतरत, देठं खुडून होत, शिट्टी वाजली की हातगाडी वळसा घालून मशीनकडे जाई आणि तिखट होऊन परत येई. कांडपाच्या दारातली भांडणं थांबली. ठसक्यात उभं राहणं संपलं. मशीनवर डोकं शांत ठेवून काम करता येतं, हे नवनीतभाईंना पहिल्यांदाच कळलं. मिथुनने ते निरोपांचं यंत्र बंद केलं. आता निरोप आला की वत्सलाबाई आणि चारुलताबाई डोक्याला डोकं लावून स्वतः उत्तर देत, आणि ते पूर्वीपेक्षा काही कमी मोकळं नसे.

आखाजीचा सण झाला. पाहुणे गेले, पण मिरची काही संपली नव्हती. आणि एका दुपारी नवनीतभाईंच्या फोनवर निरोप आला. "अभिनंदन! आपली सूचना मंजूर झाली आहे. नकाशावरील ठिकाण दुरुस्त केले आहे."

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं, तरी नवनीतभाईंनी या वेळी पेढे वाटले नाहीत. पेंटरची ती पाटीही त्यांनी अपराध्यासारखी गुपचूप उतरवून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा सरळ कांडपासमोर थांबू लागल्या. नकाशा बरोबर, पत्ता बरोबर, पुन्हा दारात धक्काबुक्की, शिंका, कोणाच्या आधी कोण. हातगाडी बोळात उभीच. काहीतरी आणायचं निमित्त करून नवनीतभाई चौकापर्यंत गेले आणि वाकून पाहिलं. ओट्यावर ताडपत्री अंथरलेली होती. चहाचं पातेलं झाकून ठेवलेलं. रतिलालभाई इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून खुर्चीवर बसले होते आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. मध्येच घड्याळ बघत. समोर रागवायलाही कोणी नव्हतं.

 नवनीतभाई परत आले आणि त्यांनी मिथुनला फोन लावला, "ती पिन परत मागे सरकवता येईल का रे?" मिथुन म्हणाला, येईल की, पण कंपनी तपासेल. नवनीतभाईंनी फोन ठेवून दिला.

तेवढ्यात दगूबाईंची रिक्षा आली. या खेपेला त्यांच्या सोबत गावातल्या निम्म्या बायका असाव्यात. त्या उतरल्या, गर्दी पाहिली, कांडपाच्या दारात उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"आठे बठाले जागा कथी शे? सावली कथी शे? अन् तो शिट्टीवाला धल्ला कथा गया?"

"दगूबाई, नकाशा दुरुस्त झालाय," नवनीतभाई ओशाळून म्हणाले. "दुकान इथेच आहे. आता मोबाईल बरोबर दाखवतो."

"त्याले काय व्हस दखाडाले? त्याले थोडंच उन्हमा बठना पडस?" दगूबाई म्हणाल्या. मग वळून त्यांनी तापीच्या त्या काठावर जाईल अशी हाक दिली, "चला वं बठ्ठ्या! पोती उचला!"

आणि दारातली सगळी गर्दी हलली. शांतीबाई हलल्या, नव्याने आलेल्या हलल्या, काय चाललंय हे न कळलेल्याही इतर चालल्या म्हणून चालल्या. डोक्यावर पोती, काखेत डबे, पुढे दगूबाई, मागे रिकामी हातगाडी ढकलत नवनीतभाई, अशी ती वरात चौकात आली. मोबाईलमधली बाई कोणाच्या तरी पिशवीतून "मागे वळा, मागे वळा" असं ओरडत होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

फाटकाशी आवाज आला तसे रतिलालभाई ताडकन उठले. शर्टाची वरची गुंडी लावली. घड्याळ बघितलं, उशीर बराच झाला होता, आणि उशिरा येणाऱ्यांना काय म्हणायचं हे त्यांना नोकरीभर तोंडपाठ होतं. त्यांनी शिट्टी ओठांपर्यंत नेलीही. पण ती त्यांच्याने वाजेना. ओठच नीट मिटेनात.

"बठा वं माय," ते म्हणाले, "बठा, बठा! सावलीमा बठा. वत्सला, चहा ठेव वं, बठ्ठ्या उन्यात!"

आत वत्सलाबाईंच्या हातून झाकण खाली पडलं. लग्नाच्या पहिल्या काही वर्षांनंतर नवऱ्याच्या तोंडून त्यांनी ही भाषा ऐकली नव्हती.